मिशी वाढेपर्यंत

कापूस घरात आला की माझे कान गरम होतात. या वयात कान गरम व्हायला दुसरं काही कारण उरलेलं नाही. पण पुढच्या खोलीत पांढरा ढीग आढ्याकडे चढायला लागतो, तो कोमट, सरकीचा, जरा धुळकट वास घरभर होतो, आणि माझा पदर आपोआप तोंडाकडे जातो. सून म्हणते, "आई, तुम्हाला कापसाची ॲलर्जी आहे." मी म्हणते, असेल बाई. लाजेची ॲलर्जी असते का, हे डॉक्टरला कोण विचारणार!

यंदा ऐन वेचणीत नात शहाद्याच्या कॉलेजातून मित्रमैत्रिणींना घेऊन आली. कसली तरी स्पर्धा आहे म्हणे. मोबाइलवर सिनेमा काढायचा, तोही अख्खा नाही. थरारपटाची नुसती सुरुवात. पोरं ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या सुरुवाती बघत होती. थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा बघायची. "इथे बघ, आवाज आधी येतो, माणूस नंतर दिसतो." "इथे काहीच होत नाही, म्हणून तर भीती वाटते." मी शेजारी तूर पाखडत होते. माझ्या मनात आलं, अरे, हे तर आम्हीही बोललो होतो. अगदी हेच.

मग एक मुलगा म्हणाला, "किंकाळी नेटवरून घेऊ. फुकट मिळते."

माझं सूप हातातच थांबलं. फुकट!

आमचं गाव तापीकाठचं, प्रकाश्याच्या अलीकडे. महाराष्ट्र तेव्हा नवानवा झाला होता आणि मी सातवीत होते. माझं नाव यमुना, पण घरात नि गावात सगळ्यांची यमी. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर गावाबाहेरच्या पडीक वावरात सिनेमाचा तंबू लागला. बाया एका अंगाला, माणसं एका अंगाला, मधे कनात. सिनेमा रहस्याचा होता. अंधारा रस्ता, त्यावर एक टांगा येतो. एका बंद घरासमोर घोडा थबकतो. टांगेवाला चाबूक उगारतो, तरी घोडा हलत नाही. टांगेवाला उतरतो, कंदील वर धरतो, मागे वळून बघतो, तर टांगा रिकामा! आणि तेवढ्यात कुठून तरी बाईची किंकाळी येते आणि कंदील विझतो.

आणि खरं सांगते, त्याच घडीला तंबूवाल्याचा जनरेटरही बंद पडला. आधी लोकांना वाटलं, हाही सिनेमाच. मग शिट्ट्या सुरू झाल्या. तंबूवाला म्हणाला, उद्या याच तिकिटावर या. दुसऱ्या दिवशी गेलो. तोच टांगा, तोच घोडा, तीच किंकाळी, आणि पुढच्या रिळाला मशीनच अडकलं. तिसऱ्या दिवशी तंबू गुंडाळून बैलगाड्या अक्कलकुव्याकडे निघूनही गेल्या होत्या. आमच्या गावाने तो सिनेमा दोनदा पाहिला आणि एकदाही पाहिला नाही.

किंचाळली कोण? टांग्यातलं माणूस गेलं कुठे? पाणवठ्यावर बाया त्याच्यावर भांडायच्या. आमच्या वर्गात तर दुसरा विषयच नव्हता. आमचा म्होरक्या मधू, कंपाउंडरचा मुलगा. तो धुळ्याला मामाकडे राहून आलेला, म्हणून त्याला सिनेमातलं सगळं कळतं असं आम्ही धरून चाललो होतो. गुजरांच्या घरची केसर माझी जीवाची मैत्रीण. आणि तुळशा, ज्याला बोलायला सांगितलं की घाम फुटायचा, म्हणून त्याला घोडा केलं होतं. पण घोडा ठरला कशासाठी, ते सांगायचं राहिलंच. शाळेचं संमेलन जवळ आलं होतं आणि मधूने ठरवलं होतं की यंदा रामायण नाही, महाभारत नाही, यंदा रहस्य करायचं.

मधली सुट्टी झाली की आम्ही शाळेमागच्या चिंचेखाली बसायचो. मधू विचारायचा, "भीती नेमकी कव्हा वाटनी, ते सांगा."

केसर म्हणाली, "घोडा थांबना तव्हा. घोडाले समजनं नि माणूसले नही समजनं ना!"

"मले ते किंकाळीनंतर वाटनी," मी म्हणाले. "किंकाळी उनी नि मंग कायच उनं नही. कोनी धावत बी नही उनं."

हे मधूच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे असं होतच नाही ना! वावरातून बोंब आली की ऐकणाऱ्याने हातातलं टाकून धावायचं, मग ताटावर बसलेला असो की पूजेला. साप असेल, बिबट्या असेल, कोणी विहिरीत पडलं असेल. शत्रूच्या वावरातून आली तरी धावायचं. म्हणून खोटी बोंब मारायची ती होळीच्या दिवशी, एरवी नाही. ही रीत आम्हाला अ आ इ ई च्या आधी शिकवलेली. आणि सिनेमातली बाई एवढी किंचाळते आणि कोणी येत नाही, त्या गावची भीती मला अंधारापेक्षा जास्त वाटली होती.

"मंग किंकाळी तूच मारशी," मधू म्हणाला. झालं. मी हुशारी केली आणि काम माझ्या गळ्यात आलं.

गुरुजींनी एकदा सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सुरुवात छान आहे. पुढे काय होतं?"

मधू गंभीरपणे म्हणाला, "पुढे जनरेटर बंद पडतो, गुरुजी."

किंकाळीचा सराव कुठे करायचा? मुलीच्या जातीला मोठ्याने हसायचीही चोरी. मी घरी कापसाच्या खोलीत शिरायचे, दार लोटायचे, ढिगात पार कानापर्यंत तोंड खुपसायचे आणि ओरडायचे. कापूस सगळा आवाज पिऊन टाकायचा. शेजारच्या खोलीत माय भाकरी थापत असायची, तिला पत्ता नाही. बाहेर यायचे तेव्हा केसांत, भुवयांत, नाकात कापूस. माय म्हणायची, "मांजरनं गत कोठे लोळी ऱ्हायनी वं?" पण कापसात मारलेली किंकाळी मोकळ्यावर कशी वाजेल, ते कळेना. त्यावर मधूने तोड काढली. गावाबाहेर जीन होती, कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिचा भोंगा दुपारी वाजायचा आणि चांगला लांबलचक वाजायचा. तर नदीच्या काठी केळीच्या मळ्यामागे जायचं, भोंगा सुरू झाला की त्याच्या आवाजाखाली आपली किंकाळी मारून घ्यायची. कोणाला काही कळायचं नाही. दोन-तीन दुपारी तसं केलंही. फार सुरेख जमत होतं.

त्या दुपारी भोंगा सुरू झाला. मी डोळे मिटले, पोटातून श्वास ओढला आणि सोडला आवाज. आणि तिकडे भोंग्याचा घसा बसला. बॉयलरचं काय बिनसलं कोण जाणे, एकदा हुंकारला आणि गप्प झाला. तापीच्या दोन्ही काठांवर चिडीचूप, आणि त्या शांततेत माझी एकटीची किंकाळी. सुरू केलेली थांबवता येईना. स्वतःचा आवाज इतका मोठा असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

केसरने टाळ्या वाजवल्या. "एक नंबर!"

आणि मग धावत्या पावलांचा आवाज आला.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते घराशेजारच्या खळ्यातल्या निंबाखाली नथू न्हाव्यापुढे बसले होते. दाढी झाली होती आणि नथू मिशीची कड कोरत होता. आबांची मिशी म्हणजे काय सांगू! गावात दोनच गोष्टी लांबून ओळखू येत, एक देवळाचा झेंडा आणि एक आबांची मिशी. किंकाळी ऐकली आणि आबा ताडकन उठले. वस्तरा फिरला. एका बाजूची मिशी साफ गेली.

ते मळ्यातून आले ते असे. अर्ध्या तोंडाला साबण, ओठाच्या कडेला रक्त, अर्धी मिशी, गळ्यात न्हाव्याचं फडकं उडतंय आणि मागे नथू, हातात उघडा वस्तरा! वाटेतल्या एका म्हातारीने ते पाहिलं आणि नथूनेच आबांना कापलं म्हणून दुसरी बोंब ठोकली. सगळीकडून माणसं आली. कुऱ्हाडी, काठ्या. सातपुड्यातून वेचणीला आलेल्या पावरा आदिवासी बाया पाठीच्या झोळीतल्या कापसासकट धावत आल्या. वाटेत सांडलेल्या कापसाची पांढरी रेघ मागे दिसत होती.

आबा थेट माझ्या पायाशी बसले. माझे दोन्ही तळपाय उचलून बघायला लागले. घोटे चाचपले. "काय चावनं वं? कोठे चावनं? बोल ना, माय!" त्यांच्या हनुवटीवरचा साबण माझ्या पायावर टपकत होता. आमच्यासमोर तुळशा तोंडात दोरी धरून घोडा होऊन उभा, मधूच्या हातात भर दुपारी पेटवलेला कंदील.

शेवटी मधूच म्हणाला, "आबा, नाटक शे आमनं."

एक म्हातारे आजोबा दम खात खाली बसले आणि हळूच म्हणाले, "होळीले अजून टाईम शे ना वं पोरी?" बस, एवढंच. त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आबांनी माझे पाय खाली ठेवले. उठले. पावरा बायांना हात जोडले, सगळ्यांना हात जोडले. मग त्यांचा हात सवयीने मिशीला पीळ द्यायला वर गेला आणि तिथे अर्धी मिशी सापडेना.

अर्धी मिशी ठेवून कोणी फिरत नाही. नथूने उरलेलीही उतरवली. आणि खरी गंमत, तिला गंमत म्हणायला मला पंधरा वर्षं लागली, ती तिथून सुरू झाली. आमच्याकडे मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. आबांचे वडील, म्हणजे माझा आजा, अंगणातल्या खाटेवर खणखणीत जिवंत!

आबा बाजाराला गेले की लोक हात धरायचे. "कधी गया म्हातारा? आमले निरोप बी नही?" आबा सांगायचे, वस्तरा चुकला. वस्तरा कसा चुकला? पोरीनं बोंब मारली. बोंब काबर मारली? मग सगळी कथा. धानोऱ्याचे पाहुणे तर दुखवट्याचं पागोटं घेऊनच आले. त्यांच्या बायांनी रीतीप्रमाणे आमच्या दारापासून गळा काढला. आजा खाटेवर चहा पीत होता. बशी खाली न ठेवता म्हणाला, "रडा वं माय, रडा. कोण कितलं रडस ते मले जित्ता जीवे समजू द्या."

सगळे हसले. मी कोठीच्या मागे होते, मला हसू आलं नाही. त्या दिवसांत मी सगळीकडे मागेच होते. कोठीच्या मागे, केसरच्या मागे, हंड्याच्या मागे. लाज ही अंगावर बसणारी गोष्ट आहे, कापसातल्या कुसासारखी. दिसत नाही, पण हलाल तिथे टोचते. पोरं मला रस्त्यात "भोंगा" म्हणून हाका मारायची.

काकांनी त्याच आठवड्यात विषय काढला. मी दाराआडून ऐकत होते. "पोर शाळामा काय शिकनी? बोंब माराले! काढी टाक नाव."

सातवीची फायनल परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाला होती. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तिथवर पोचली नव्हती. मला काही कलेक्टर व्हायचं नव्हतं, पण ती परीक्षा मला हवी होती. काय वाट्टेल ते होवो, ती हवी होती.

आबा म्हणाले, "काढसूत. पन आते काढं ते गाव म्हनी, बोंब मारी म्हनीसन काढं. डाग पोरवर बसी. मिशी येऊ दे पहिले. लोके इसरी जातीन, मंग काढसूत."

काकांना ते पटलं. मलाही पटलं. म्हणजे माझी शाळा आता आबांच्या ओठावर होती. मिशी वाढेपर्यंत.

तुम्हीच सांगा, कशी जगेल पोर? ती मोकळी, पांढरीफटक, सोललेल्या केळासारखी जागा समोर आली की मी मेल्याहून मेली व्हायचे. वाटायचं, लवकर मिशी येऊ दे. आणि लगेच वाटायचं, नको, नको येऊ देऊ. आठवड्याच्या आठवड्याला नथू येऊन निंबाखाली धोपटी उघडायचा. तो आला की मी घरात पळायचे. वस्तऱ्याचा तो खसखस आवाजही ऐकवायचा नाही. आबाही हल्ली घराकडे पाठ करून बसायचे. मला वाटायचं, माझ्यावरच्या रागाने.

संमेलनात गुरुजींनी किंकाळी काढून टाकली. टांगा आला, घोडा थांबला, कंदील वर झाला, विझला, आणि मग नुसता अंधार. मी बाजूला पडदा धरून उभी. खरं तर तीच भीती होती, मला हवी होती ती, काहीच न येणारी. पण अंधारातून कोणीतरी ओरडलं, "यमे, मार ना वं! आते कोनी मिशीवाला नही ऱ्हायना!" अख्खं गाव हसून लोटपोट. बत्ती लागली तेव्हा सगळ्यांच्या माना आबांकडे. ते पुढेच बसले होते. तेही हसत होते आणि हात ओठावर, हवेला पीळ देत.

परीक्षेचं केंद्र शहाद्याला. आबांनी भल्या पहाटे गाडी जुंपली. उन्हाळा लागला होता, ओठावरची ती जागा आता उन्हाने रापून तोंडासारखीच झाली होती. केंद्रावर कोणा मुलीची आई होती, साडी नीटनेटकी, बोलणं पुस्तकातलं. आबांकडे बघून मला हळू आवाजात म्हणाली, "आजोबा गेले वाटतं, बाळ?" आबा दोन पावलांवरच बैलांना पाणी दाखवत होते. पुन्हा ती सगळी कथा, बोंब, भोंगा, न्हावी, या पुस्तकासारखं बोलणाऱ्या बाईंना? मी खाली बघितलं. आणि खाली बघणं म्हणजे होच की. "अरेरे," त्या म्हणाल्या. आबांनी बादली उचलली. मला पेपरला जाताना गुळाचा खडा दिला आणि म्हणाले, "डोकं थंड ठेव." बाकी काही नाही.

मी पास झाले. शाळा तिथेच संपली, कोणी नाव काढायची गरजच उरली नाही. पुढचं जे काही वाचायला लिहायला आलं ते माझं मी, दिवाळी अंकांवर, रद्दीवर. निकाल लागला तेव्हा आबांची मिशी पुन्हा झकास पिळदार झाली होती आणि मी सुटकेचा श्वास टाकला होता. एवढीच माझी अक्कल. सातवी पास!

माझं लग्न झालं, दोन लेकरं झाली, आणि एका वेचणीच्याच दिवसांत आजा खरोखर गेला. पिकलं पान, झोपेत गळालं. मी माहेरी आले तेव्हा पुढची खोली कापसाने भरलेली होती. दहाव्याला आबा नदीवरून परतले. ओलं उपरणं, आणि ओठ मोकळा. तीच ती जागा. दारात मला बघून थांबले. हात वर गेला, हवेला पीळ दिला आणि म्हणाले, "आते खरी, यमे."

बाप गेलेला माणूस तो, आणि मला चेष्टा ऐकवत होता. हसू की रडू कळेना. मी पदर तोंडात कोंबून चुलीकडे पळाले. मायला म्हटलं, "कितला दिन बिनामिशीना फिरनात वं आबा, मन्हामुळे. परीक्षालोंग."

माय पीठ मळत होती. तिने वर बघितलं, मी एखादी परकी पोर असावी तसं. "येडी शे का वं तू? मिशी म्हंजे काय आंबानं झाड शे का, इतला दिन लागाले?"

पिठाला मूठ मारून ती पुढे म्हणाली,

"नथू दर आठवडाले कोना ओठवर वस्तरा फिरावे? मिशी उगे नि तुन्हा आबा उतारेत. मिशी उनी असती ते तुन्हा काका शाळानं नाव काढी टाकता ना." मग परातीकडे बघत म्हणाली, "तुन्हा आजालेच इचारं व्हतं त्यासनी. बाप जित्ता नि मिशी उतारनी, अवघड काम ना. ते म्हातारा म्हने, उतार. तुन्ही मिशी गयी म्हनीसन मी काय मरत नही."

म्हणजे दर आठवड्याला. बाजारात दर माणसाला ती कथा, पाहुण्यांचा गळा, संमेलनातलं हसू. निंबाखाली घराकडे केलेली ती पाठ. आणि शहाद्याच्या त्या अंगणात, दोन पावलांवर, हातात बादली घेऊन ऐकलेलं माझं ते हो. आणि मी इतकी वर्षं लाजत होते ती कशाला? त्यांच्या ओठाला.

मी उठले. पुढच्या खोलीत गेले, दार लोटलं. बाहेर अंगणात आबा माणसांत बसले होते, त्यांचा आवाज येत होता. मी ढिगात पार कानापर्यंत तोंड खुपसलं.

परवा ओट्यावर नात विचारत होती, "आजी, मग किंकाळी कशी असते गं खरी? तू देशील?" मी तिला म्हटलं, नेटवरची घे बाई. माझ्याजवळ दोनच होत्या. एक खोटी, तिला सगळं गाव धावून आलं आणि माझा बाप माझ्या पायाशी बसला. आणि एक त्या दिवशीची. ती कापसाने पिऊन टाकली. भिंतीपलीकडे आबा कोणाला तरी सांगत होते की यंदा कापूस बरा आला.